डिस्प्ले येत नाही

"चालू होतोय, पण डिस्प्ले येत नाही." कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात तासभर बसा, हे वाक्य दोन-तीनदा तरी कानावर पडेल. कॅबिनेटचा दिवा लागतो, पंखा घुरघुरतो आणि मॉनिटर मात्र काळा ठिक्कर. पूर्ण बंद पडलेल्या मशीनपेक्षा हे जास्त छळतं. बंद मशीनबद्दल निदान वाद नसतो. इथे मशीन जिवंत आहे की नाही यावरूनच घरात दोन पक्ष पडतात.

आमच्या घरात पडले होते. धुळ्याला, २०१८ चा डिसेंबर संपत आला होता तेव्हा. एका बाजूला अब्बा, वय ७१, एकटे. दुसऱ्या बाजूला भाईजान, भाभी, भाचा आणि जळगावहून फोनवर मी. मी जळगावच्या एका शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवते. त्यामुळे या विषयात घरात माझं मत जड धरलं जातं. ते मत चुकीचं होतं, हे आधीच सांगून टाकते.

हा कॉम्प्युटर अब्बांनी २००५ साली घेतला, निवृत्तीच्या पैशातून. पंचायत समितीत ते कारकून होते. मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा त्यांनी तरुणपणीच दिलेली, आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं टाइपरायटरवर बोटं आपटण्यात गेली. घरात आम्ही आमची खानदेशी वळणाची उर्दू बोलतो, गल्लीत अहिराणी, आणि कागदावर उतरायचं म्हटलं की अब्बांची बोटं मराठीच शोधतात. निवृत्त झाल्यावर लोक हजची तयारी करतात, दुकान टाकतात. अब्बांनी पेंटियम फोर घेतला. पाचशे बारा एमबी रॅम, ऐंशी जीबी हार्ड डिस्क, पेटीएवढा जाडजूड मॉनिटर. मॉनिटर नंतर बदलला, बाकी सगळं तेच. विंडोज एक्सपीला कंपनीने २०१४ मध्ये रामराम ठोकला, पण अब्बांनी नाही. त्यांच्या कामाला इंटरनेट लागतच नव्हतं.

काम काय, तर आम्ही पिंजारी. माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, हिवाळा लागला की खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव निघायचे. सोनगीर, नरडाणा, बेटावद. गल्लीत तांतीचा आवाज आला की बायका जुन्या गाद्या, लेप, उशा घेऊन ओट्यावर यायच्या. तांत म्हणजे पिंजणाची दोरी, जनावराच्या आतड्याची केलेली. आता मशीनवर कापूस पिंजला जातो, तो धंदा आमच्यात कोणी करत नाही आणि त्या धंद्याचे शब्दही कोणाच्या तोंडात राहिले नाहीत. अब्बा ते शब्द जमा करत होते. रोज सकाळी फज्रची नमाज झाली की चहा, आणि मग कॉम्प्युटर. शब्द, त्याचा अर्थ, कोणी सांगितला, कुठल्या गावी. कधी दिवसाला पाच शब्द, कधी महिनाभर एकही नाही. अशी बारा-तेरा वर्षं. आणि या सगळ्याची दुसरी प्रत कुठेही नव्हती. मुलांना बॅकअपचं महत्त्व शिकवणाऱ्या मुलीच्या बापाच्या घरात नव्हती.

तर पहिला फोन आला तेव्हा अब्बा म्हणाले, "बेटा, बत्ती तो जलती है, पंखा बी घुमता है, पन अंदर कुच नै दिखता."

मी शाळेत जायच्या घाईत होते. विचारलं, "मॉनिटरचं बटण दाबलंत का?"

अब्बा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "दाबलं."

त्या दिवशी दुपारी भाच्याचा फोन. कॉलेजातून आला, बटण दाबलं, आणि कॉम्प्युटर व्यवस्थित सुरू झाला. "फुफी, काही झालेलं नाहीये. दादा भलतंच बटण दाबतात." भाभी मागून म्हणाल्या की एका डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा राहिलाय, त्यांना नीट दिसत नसेल. भाईजानना वाटलं, वय झालं. मला काय वाटलं? मलाही तेच वाटलं. आठवडाभर हेच चाललं. सकाळी अब्बा म्हणणार नाही येत, दुपारी भाचा म्हणणार येतो. तीन-चार दिवसांनी अब्बांनी फोन करणं बंद केलं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने तक्रार करणं थांबवलं की घरच्यांना वाटतं तक्रार मिटली.

मग एका सकाळी भाईजान घरीच होते आणि त्यांच्यासमोर डिस्प्ले आला नाही. तेव्हा कुठे सगळे जागे झाले.

मी फोनवरूनच तपासायला लागले. हे तुमच्याही कामाला येईल म्हणून जरा सावकाश सांगते. आधी मॉनिटरचा दिवा बघायचा. निळा किंवा हिरवा असेल तर त्याला चित्र मिळतंय. नारिंगी असेल किंवा लुकलुकत असेल तर मॉनिटर जागा आहे, पण त्याला कोणी काही पाठवत नाहीये. आमचा नारिंगी होता. मग मॉनिटरची वीज तशीच ठेवून कॅबिनेटकडून येणारी केबल उपसायची. बहुतेक मॉनिटर लगेच पडद्यावर सांगतात, केबल तपासा म्हणून. आमच्याने सांगितलं. म्हणजे मॉनिटर ठीक. केबल परत लावताना बघायचं की त्या निळ्या टोकाच्या पंधरा पिनांपैकी एखादी वाकलेली नाही ना, आणि कॅबिनेटला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्याच्यातच आहे ना. कार्ड बसवलेलं असताना केबल मदरबोर्डच्या तोंडात खुपसून दुकानात आलेली माणसं मी पाहिली आहेत. आमच्याकडे कार्डच नव्हतं.

मग कीबोर्डवरचं नम लॉक दाबायचं. दिवा लागला-विझला तर आत कॉम्प्युटर सुरू झालाय, फक्त चित्र पोचत नाहीये. दिवा हललाच नाही तर तो सुरुवातीच्या पायरीवरच अडकलाय. आमचा दिवा हलला नाही. आणि बीप? कॅबिनेटमध्ये एक छोटासा भोंगा असतो. बटण दाबल्यावर मदरबोर्ड आधी प्रोसेसर, मग रॅम, मग चित्र दाखवणारा भाग अशी हजेरी घेतो. चित्र यायच्या आधीच काही बिघडलं तर बिचाऱ्याला पडद्यावर लिहून सांगता येत नाही, म्हणून तो भोंगा वाजवतो. रॅम नसली किंवा नीट बसली नसली की बहुतेक बोर्ड लांब लांब बीप पुन्हा पुन्हा देत राहतात. एक लांब आणि दोन आखूड आले तर बऱ्याच बोर्डांवर दोष ग्राफिक्सचा असतो. आमच्याकडे काहीच नाही. नुसता पंखा.

"सगळं चुपचाप आहे, फुफी," भाचा म्हणाला. प्रथमच त्याच्या आवाजात जरा काळजी होती.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी जळगावहून धुळ्याची एसटी धरली. पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे. हा रस्ता वर्षानुवर्षं रुंद होत होता, त्यामुळे नव्वद-पंचाण्णव किलोमीटरला किती वेळ लागेल हे ड्रायव्हरलाही सांगता येत नसे. बसमध्ये बसल्या बसल्या मी ठरवून टाकलं होतं की रॅमच. दहापैकी सात-आठ वेळा रॅमच असते, असं मी मुलांना सांगते.

रविवारी सकाळी अब्बांच्या समोर बटण दाबलं. डिस्प्ले नाही. मग वायर काढली, बटण पाचेक सेकंद दाबून धरलं म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते, आणि झाकण उघडलं. आत जे होतं त्याला धूळ म्हणणं कमी ठरेल. खालच्या गाळ्यात गादीवाला आहे, त्याचं कापूस पिंजायचं मशीन दिवसभर चालतं. प्रोसेसरच्या पंख्याखाली त्या कापसाचा अक्षरशः पेळू झाला होता. तो अब्बांनी हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "आखूड धाग्याचा आहे." आयुष्यभर कारकुनी करून बोटांतला पिंजारी गेला नव्हता.

दोन्ही रॅम काढल्या. त्यांच्या सोनेरी दातांवर बारीक मळ चढतो, तो डोळ्यांना दिसतही नाही, पण वीज अडवतो. भाच्याच्या कंपासपेटीतलं पांढरं खोडरबर घेतलं, हलक्या हाताने घासलं, कोरड्या फडक्याने पुसलं. एक रॅम एका खाचेत, मग दुसऱ्या खाचेत, मग दुसरी रॅम तशीच. नाही. बोर्डवरचा गोल सेल काढला. त्याला सीआर २०३२ म्हणतात, कारण तो वीस मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड असतो. दहा मिनिटांनी नवा बसवला. नाही. भाच्याच्या मित्राचा एसएमपीएस मागून आणला, म्हणजे वीज वाटणारी ती पत्र्याची पेटी. नाही. पुन्हा आमचा लावला. पुन्हा रॅम. या सगळ्यात साडेदहा झाले, खिडकीतून ऊन टेबलावर आलं, आणि असंच परत एकदा बटण दाबलं तर भोंगा एकदाच टुक् करून वाजला आणि पडद्यावर अक्षरं धावली.

भाभींनी "अल्हम्दुलिल्लाह" म्हटलं. मी हात झटकले. "रॅमच होती," मी म्हणाले.

आणि अब्बांच्या फाइलची प्रत न घेता मी जेवून चारच्या बसने जळगावला परत आले. हे लिहितानाही मला लाज वाटते.

सोमवारी सकाळी सातला फोन. "बेटा, नाही आला."

पुढचा आठवडा मी फोनवर काढला. भाईजान कॅबिनेट रिक्षात टाकून एका दुकानात घेऊन गेले. पोचेपर्यंत बारा वाजले होते. दुकानदाराने बटण दाबलं, डिस्प्ले आला. त्याने तपासणीचे दोनशे रुपये घेतले आणि काही झालेलं नाही म्हणून परत पाठवला. दुसऱ्या सकाळी पुन्हा काळोख. यावेळी कॅबिनेट रात्रभर दुकानात ठेवायला दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तेव्हा त्यालाही डिस्प्ले मिळाला नाही. तो म्हणाला बोर्ड गेला. या जातीचा बोर्ड आता मिळत नाही, नवा बोर्ड, नवा प्रोसेसर, नवी रॅम, आणि विंडोज नव्याने टाकायची तर डिस्क फॉरमॅट करावी लागेल. मी घाबरून त्याला फोन लावला, की डिस्कला हात लावू नका. तो म्हणाला, "मॅडम, घरात जेन्ट्स कोणी असतील तर त्यांना द्या ना फोन." मी सांगितलं, जेन्ट्स येऊन कॅबिनेट घेऊन जातील. भाईजान गेले आणि घेऊन आले.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. डिस्प्ले न येण्याचा आणि तुमच्या फाइलींचा काही संबंध नसतो. फाइली हार्ड डिस्कवर असतात आणि डिस्क बाजूला काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावता येते. दुरुस्तीला देण्याआधी ती काढून घरी ठेवा. चार स्क्रू आणि दोन वायरी, एवढंच असतं. काढता येत नसेल तर "फॉरमॅट करायचं नाही" हे पावतीवर लिहून घ्या.

पुढच्या शनिवारी मी शाळेच्या लॅबमधून यूएसबीचा कन्व्हर्टर मागून घेतला आणि परत धुळ्याला. रात्रीच डिस्क काढली, माझ्या लॅपटॉपला लावली. अब्बांचं फोल्डर उघडलं. सगळं मिळून तीन एमबी सुद्धा नव्हतं. मोबाईलवर काढलेल्या एका फोटोपेक्षा लहान. फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरांचा उकिरडा. एक क्षण छातीत धस्स झालं, मग लक्षात आलं: अब्बा कृतिदेव फाँटमध्ये लिहितात, कारण त्याचा कीबोर्ड टाइपरायटरसारखा आहे. युनिकोडच्या आधीचे हे फाँट असेच असतात, आत साठवलेली अक्षरं इंग्रजीच, वर फक्त मराठी कपडे. फाँट नाही तर कपडे नाहीत. त्यांच्या डिस्कवरच्या विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधून ती फाँटफाइल उचलली, माझ्याकडे टाकली, आणि पडद्यावर पहिली ओळ दिसली: पिंजाऱ्यांचे शब्द. जुनी कागदपत्रं वाचवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, फाइलसोबत फाँटही घ्यायचा. तीन ठिकाणी प्रती केल्या, मग झोपले.

सकाळी थंडीने लवकर जाग आली. हिवाळ्यात धुळ्याची बातमी हमखास असते, कृषी महाविद्यालयात पारा अमुक अंशांवर. त्या आठवड्यातही पाच-सहाच्या आसपास होता. अब्बा नमाज पढून खोलीत बसले होते, कानाला मफलर गुंडाळून. मी चहा घेऊन गेले तर त्यांच्या टेबलाच्या वर कालनिर्णय टांगलेलं. महिना जानेवारी. प्रत्येक तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने बारीक काहीतरी लिहिलेलं. दूधवाल्याचा हिशोब असेल असं मला वाटलं. जवळ जाऊन वाचलं.

६:४० नाही. ७:१५ नाही. १:२० आला.
६:३५ नाही. ९:०० नाही. ११:४५ आला.
६:४० नाही. ८:०० नाही. गावाला गेलो.
६:४५ नाही. १०:१० तीन वेळा नाही, चौथ्यांदा आला.

मागचं पान उलटलं. डिसेंबरचा शेवटचा पंधरवडा, तसंच. माझी पहिली भेट होती त्या रविवारी लिहिलं होतं: "मुलीने दुरुस्त केला. १०:३०." आणि त्याखाली, बहुधा दुसऱ्या दिवशी, जरा गडद पेन्सिलीने: "नाही."

पस्तीस वर्षं आवक-जावक रजिस्टर ठेवलेला माणूस. त्याने प्रत्येक सकाळची नोंद ठेवली होती. मी विचारलं, "अब्बा, हे तुम्ही कोणाला दाखवलं का नाही?"

"भिंतीवर आहे," ते म्हणाले. "सगळ्यांना दिसतं."

मी खुर्ची ओढून त्या पानांसमोर बसले. दुपारी एकदाही "नाही" नव्हतं. सकाळी आठच्या आत एकदाही "आला" नव्हतं. ढगाळ दिवशी उशिरा, लख्ख ऊन असलेल्या दिवशी लवकर. बटण कोण दाबतं याचा काही संबंधच नव्हता. भाचा दुपारी दाबायचा आणि अब्बा सकाळी, इतकंच. खानदेशात मशीन बिघडलं की आपण उन्हाळ्याला शिव्या देतो. मेमध्ये चव्वेचाळीस-पंचेचाळीसला पारा गेला की कॉम्प्युटर आपोआप बंद पडतात, हे शाळेच्या लॅबमध्ये दरवर्षी बघते. थंडीत न चालणारं मशीन असू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

झाकण पुन्हा उघडलं. यावेळी रॅमकडे बघितलंच नाही. प्रोसेसरच्या शेजारी छोट्या डब्यांसारखे कपॅसिटर उभे असतात, त्यांच्यावर टॉर्च मारला. चांगल्या कपॅसिटरचा माथा नाण्यासारखा सपाट असतो. ओळीतल्या पाचांचे माथे भाकरी फुगावी तसे वर आले होते, आणि दोघांच्या माथ्यावर गुळासारखं काहीतरी वाळलेलं होतं. मागच्या रविवारी ते तिथेच होते. मी रॅम शोधत होते, मला रॅम दिसली.

कपॅसिटर काय करतो? आपल्याकडे नळाला पाणी दोन-तीन दिवसांआड येतं, म्हणून प्रत्येक घरावर टाकी. पाणी कधी येवो, टाकीमुळे घरातला नळ सारखा वाहतो. बोर्डवर तेच. एसएमपीएसकडून आलेली वीज प्रोसेसरला लागेल तशी करून देताना ती झटक्या-झटक्याने येते, कपॅसिटर ती साठवून एकसारखी पुरवतो. त्याच्या पोटात एक द्रव असतो. तो द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आटतो, बिघडतो. एक ढोबळ हिशोब असा सांगतात की तापमान दहा अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. आता खानदेशातले तेरा उन्हाळे, भारनियमन, आणि पंख्याखाली कापसाचा पेळू, हे त्यात धरा. म्हणजे मारलं उन्हाळ्यानेच. पण आटत आलेला तो द्रव थंडीत आणखी आखडतो, विजेला वाट देत नाही, प्रोसेसरला हवी तेवढी सरळ वीज मिळत नाही आणि हजेरी सुरूच होत नाही. पंखा फिरतो, कारण पंख्याला बारा व्होल्ट थेट मिळतात. ऊन चढलं, किंवा चार-पाच वेळा चालू-बंद करून बोर्ड जरा कोमट झाला, की द्रव सैल होतो आणि मशीन उठतं. त्या रविवारी साडेदहाला मी केलेल्या दुरुस्तीचं रहस्य एवढंच होतं.

खात्री करायला भाच्याचं केस वाळवायचं ड्रायर मागितलं. (ते भाभींचं असेल असं तुम्हाला वाटलं असेल. नाही, सतरा वर्षांच्या मुलाचं होतं.) सकाळचे सात. बटण दाबलं, डिस्प्ले नाही. बंद केला, वायर काढली, वीतभर लांबून त्या पाच डब्यांवर तीन मिनिटं गरम हवा सोडली, पुन्हा वायर लावून बटण दाबलं. टुक्. अक्षरं आली.

भाचा माझ्याकडे बघत होता. मग अब्बांकडे. "सॉरी, दादा," तो म्हणाला. मी तेही म्हटलं नाही. मी कालनिर्णयावर त्या दिवसाच्या चौकटीत "७:०५ आला, गरम करून" असं लिहिलं. अब्बांनी ते वाचलं आणि चष्मा पुसायला घेतला.

या फुगलेल्या कपॅसिटरचा एक जमाना होता. साधारण १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या असंख्य बोर्डांवर ते असे फुगले, जगभर. डेलसारख्या कंपनीने ऑप्टिप्लेक्स कॉम्प्युटरचे असे बोर्ड बदलून देण्यासाठी २००५ मध्ये तीस कोटी डॉलर बाजूला काढले होते. धुळ्याच्या एका माडीवरचा अब्बांचा कॉम्प्युटर त्याच पिढीतला. वाईट कपॅसिटर लगेच जायचे, हे पाच जण त्यामानाने तेरा वर्षं टिकले, म्हणजे निर्लज्ज नव्हते.

बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळला, पिशवीत घातला आणि जळगावला घेऊन निघाले. एरंडोलला शेजारी येऊन बसलेल्या आजींनी पिशवीकडे बोट करून विचारलं, "त्यामा काय शे, माय?" मी म्हटलं, कॉम्प्युटरचं काळीज. त्यांनी पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि धुळीच्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला ती दोन्ही हातांनी उचलून धरली.

गोलाणी मार्केटमध्ये दोन-तीन ठिकाणी विचारलं. सगळे चांगलं बोलले, पण कपॅसिटर बदलायला कोणी तयार नव्हतं. तासाभराचं काम, मिळणार काय? एकाने सांगितलं, अमक्या गल्लीत टीव्हीवाले चाचा आहेत, ते करतील. जिन्याखालचं दुकान, भिंतीला पाठ करून उभे असलेले मेलेले टीव्ही, सोल्डरिंगचा वास. चाचांनी चष्मा कपाळावर चढवून बोर्ड डोळ्यांपाशी नेला. "इनका तो पेट फूल गया," म्हणाले. मला आधी मोबाईलवर फोटो काढायला लावला. कपॅसिटरला पट्टी असते ती मायनस, बोर्डवरही खूण असते, पण त्या खुणेचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. उलटा लागला तर फटाका. मग एका नव्या पण मेलेल्या बोर्डवरचे सपाट माथ्याचे पाच कपॅसिटर त्यांनी उतरवले. रेडिओतले साधे कपॅसिटर इथे चालत नाहीत, लवकर तापून फुगतात, १०५ अंशांचे आणि कमी अडथळ्याचे लागतात. जुन्यावर १५०० मायक्रोफॅराड, ६.३ व्होल्ट लिहिलेलं होतं. मायक्रोफॅराड तेवढेच हवेत, व्होल्ट जास्त चालतात, कमी नाही. हे ते मला शिकवत होते आणि मी वहीत लिहून घेत होते. तीनशे रुपये झाले. मी पाचशेची नोट दिली तर दोनशे परत केलेच.

पुढच्या रविवारी बोर्ड बसवला. सोमवारी सकाळी शाळेच्या गेटवर असताना भाच्याने कालनिर्णयाचा फोटो पाठवला. ६:४० आला. मंगळवारी ६:३५ आला. त्या महिन्याची सगळी पानं तशीच. मेमध्ये दोन चौकटींत "नाही" आहे, त्यापुढे लिहिलंय: वीज नव्हती.

तो कॉम्प्युटर आणखी दोन वर्षं चालला. अब्बांचा दुसरा डोळाही नंतर झाला. शब्दांची फाइल भाच्याने कन्व्हर्टर टाकून युनिकोडमध्ये आणली, पण असं करताना जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांट्या जागा सोडतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. ते हाताने नीट करायचं काम माझ्याकडे आहे. रोज रात्री पानभर होतं. सध्या 'प'मध्ये आहे. 'पिंजण' या शब्दापुढे अब्बांनी त्याच्या भागांची नावं दिलीत, त्यातल्या दोन नावांचा या फेरफारात असा चुरा झालाय की मूळ फाइलशी ताडूनही मला ती लागत नाहीत. बहुधा टाइप करताना त्यांचंच बोट घसरलं असेल, असं मनात आलं आणि मी थांबले. उद्या सकाळी फोन करून विचारते. फज्रनंतर ते जागेच असतात.